संबंधवाचक शब्द आणि रोजेचा कोश

एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूशी असलेले नाते सांगणाऱ्या शब्दांची जी विपुलता इंग्रजी भाषेत आढळते, तिचे कारण त्या भाषेच्या इतिहासातच आहे. 'किन' आणि 'टाय' हे शब्द अँग्लो-सॅक्सन लोकांच्या मूळ बोलीतले. 'लिंक' हा उत्तरेकडून समुद्रमार्गे येऊन स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि राजदरबाराचा व न्यायदानाचा व्यवहार फ्रेंचमध्ये चालू लागला, तेव्हा त्या वाटेने 'अलायन्स' आणि 'रिलेशन' आले. आणि विद्वानांच्या लॅटिन-ग्रीक व्यासंगातून 'कोरिलेशन', 'ॲनॅलॉजी' यांसारखे शास्त्रीय शब्द रूढ झाले. शतकानुशतके जमत गेलेल्या या संपत्तीची वर्णानुक्रमाने नोंद करणारे कोश पुष्कळ झाले. परंतु शब्दाशेजारी शब्द बसवताना अक्षराऐवजी अर्थाचा दाखला मागणारा इंग्रजीतील सर्वांत यशस्वी कोश एका वैद्याच्या हातून सिद्ध झाला.

पीटर मार्क रोजे याचा जन्म १७७९ साली लंडनमध्ये झाला. त्याचा पिता जिनीव्हाहून आलेला धर्मोपदेशक होता आणि तो पुत्राच्या बालपणीच निवर्तला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी संपादन करून रोजे पुढे मँचेस्टरच्या रुग्णालयात काम करू लागला, आणि तेथेच १८०५ च्या सुमारास, स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठी म्हणून, त्याने अर्थानुसार वर्गीकृत केलेली शब्दांची एक छोटी यादी तयार केली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे ती त्याच्या दप्तरातच राहिली. मध्यंतरी त्याने शरीरविज्ञानावर ग्रंथ लिहिला, गणितासाठी नव्या प्रकारची सरकपट्टी योजली आणि १८२७ पासून १८४८ पर्यंत रॉयल सोसायटीचे चिटणीसपद सांभाळले. त्या जबाबदारीतून मुक्त झाल्यावर मात्र त्याने ती जुनी यादी पुन्हा हाती घेतली, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १८५२ साली, त्याचा 'थिसॉरस' प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात समग्र शब्दसृष्टी सहा वर्गांत आणि १००० प्रकरणांत विभागलेली आहे. अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना हे मागाहून येणारे पाच वर्ग. त्या सर्वांच्या आधीचा पहिला वर्ग अमूर्त संबंधांचा. त्या वर्गातही 'अस्तित्व' या विषयाच्या पाठोपाठ, नवव्या क्रमांकावर, 'रिलेशन' येते, आणि तेथून एकरूपता, भेद, विरोध, सादृश्य, अनुकरण, मूळ नमुना व त्याची प्रत, मेळ आणि बेबनाव अशी एकेका संबंधाची प्रकरणे उलगडत जातात. परस्परविरुद्ध अर्थांचे शब्दसमूह त्याने शक्य तेथे समोरासमोर छापले, जेणेकरून वाचकाला शब्दाबरोबर त्याचा प्रतिपक्षही दृष्टीस पडावा. रक्ताच्या नात्याचे शब्द मनुष्यप्राण्याच्या सदरात न घालता त्याने या अमूर्त संबंधांतच, अकराव्या प्रकरणात, बसवले. कारण त्याच्या दृष्टीने बंधुत्व हाही संबंधाचाच एक प्रकार होता. वस्तू आहे, आणि ती दुसऱ्या कशाशी तरी संबद्ध आहे, या दोन गोष्टी मान्य झाल्यावाचून तिच्याविषयी पुढचे काहीच बोलता येत नाही, असा तत्त्वविचार या रचनेत अनुस्यूत आहे. वनस्पती व प्राणी यांची जशी कुले आणि गण शास्त्रज्ञ ठरवतात, त्याच तत्त्वावर आपण शब्दांची मांडणी केली, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आहे.

आपल्याला विशेष अगत्याची वाटावी अशी गोष्ट याच प्रस्तावनेत आहे. अर्थानुसारी मांडणीच्या पूर्वप्रयत्नांचा उल्लेख करताना रोजे १६६८ सालच्या बिशप विल्किन्सच्या ग्रंथाचे नाव घेतो. पण त्याच्या माहितीतला सर्वांत प्राचीन प्रयत्न म्हणजे अमरसिंहाचा अमरकोश, जो कोलब्रुकच्या इंग्रजी अनुवादासह १८०८ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला होता. त्यातील वर्गीकरण, विशेषतः अमूर्त कल्पनांच्या बाबतीत, अपूर्ण व विस्कळीत असल्याचा अभिप्राय त्याने दिला. हा अभिप्राय अमरसिंहाला पुरता न्याय देणारा नाही. स्वर्गापासून आरंभ करून पृथ्वी, नगर, वनौषधी, मनुष्य आणि चातुर्वर्ण्य अशा क्रमाने उतरणारा तो कोश विद्यार्थ्याने मुखोद्गत करावा आणि कवीने वापरावा यासाठी श्लोकबद्ध केलेला आहे. त्याचा क्रम दृश्य विश्वाचा आहे, रोजेचा क्रम विचाराचा आहे. आपल्याकडेही शिवकालात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी रघुनाथपंताने राज्यव्यवहारकोश रचला, तेव्हा त्याने अमरसिंहाचीच श्लोकबद्ध वर्गरचना अनुसरली होती, यावरून त्या पद्धतीची उपयुक्तता पुरेशी सिद्ध होते.

रोजे १८६९ साली नव्वद वर्षांचा होऊन वारला. त्याच्यामागे त्याच्या पुत्राने आणि नातवाने हा कोश वाढवत नेला. परंतु कोशाचा खप वाढला तसतशी त्यातील रचनेकडे दुर्लक्ष करून केवळ शेवटच्या सूचीवरून हवा तो शब्द उचलण्याची प्रथा रूढ झाली, आणि त्याच्या नावाने वर्णानुक्रमी आवृत्त्याही निघाल्या. ज्या एका गोष्टीसाठी त्याने निम्मे शतक ही यादी जवळ बाळगली, तीच अशा आवृत्त्यांत नाहीशी होते. म्हणून ज्याच्या संग्रही हा कोश असेल, त्याने एकदा तरी सूची बाजूला ठेवून तो पहिल्या पानापासून वाचावा. आणि मराठीत पर्यायशब्दांचे काम करू इच्छिणाऱ्यांनी रोजे आणि अमरसिंह हे दोघेही समोर घेऊनच बसावे.