सेवाग्रामचा टेलिफोन आणि कोळशाचा रवा

वर्ध्याहून सुमारे ८ किलोमीटरवर सेवाग्राम. तिथल्या आश्रमात मातीच्या भिंती पाहाव्यात, साप न मारता पकडून दूर सोडण्याची साधनं पाहावीत. पण बापूंच्या दफ्तरातली एक वस्तू आपल्याला जरा बुचकळ्यात टाकते. ती म्हणजे टेलिफोन. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याकडच्या शेगावाशी गल्लत होऊन टपाल चुकायचं, म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झालं. पत्रांची ही तऱ्हा! व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून टेलिफोन बसवला गेला.

यंत्रांविषयी गांधीजींची मतं काय होती, हा वाद इथे नको. या यंत्राच्या पोटात काय असे ते पाहू. त्या काळच्या टेलिफोनमध्ये, आपण जिथे तोंड धरून बोलतो तिथे, पातळ पडद्यामागे चिमूटभर कोळशाचा रवा असे.

टेलिफोन म्हटला की आपण बेलचं नाव घेतो. पण बेलच्या सुरुवातीच्या चुंबकी यंत्रात वीज उत्पन्न व्हायची ती बोलणाऱ्याच्या आवाजाच्याच जोरावर, म्हणजे अगदीच क्षीण. एडिसनने १८७७ साली काजळीची वडी वापरली. बॅटरीची वीज तिच्यातून न्यायची आणि आवाजाच्या दाबाने ती कमीजास्त करायची. दाबामुळे कोळशाचा अंगचा रोध बदलतो, अशी त्याची समजूत. १८७८ साली लंडनच्या ह्यूझने दाखवलं की खरी करामत सैल स्पर्शाची आहे. दोघांचं त्यावरून वर्तमानपत्रांतून कडाक्याचं भांडण झालं! आणि त्याच वर्षी हेन्री हनिंग्ज या यॉर्कशरमधल्या धर्मोपदेशकाने वडी टाकून कोकचा सुटा चुराच भरला. माझ्या मते टेलिफोनला खरा कंठ फुटला तो इथे. पण हनिंग्जचं नाव कुणी घेत नाही.

आता, रवाच का? दोन कण एकमेकांना टेकतात ते सबंध अंगाने नव्हे, चारदोन टोकांवर. वीज जाते ती तेवढ्याच वाटेने. दाब वाढला की टोकं जास्त भिडतात, रोध उतरतो. दाब सुटला की चढतो. धातूचा चुरा घेतला तर वीज फार सहज वाहते, शिवाय त्यावर गंज चढतो. कोळसा मध्यम वाहक, आणि ठिणगीने जळलाच तर वायू होऊन उडून जातो, थर मागे ठेवत नाही. हिराही कार्बनच, पण तो वीज वाहू देत नाही. ग्रॅफाइटमध्ये मात्र थराथरांतून मोकळे इलेक्ट्रॉन फिरतात. कोक तापवून त्या वळणावर आणलेला असतो.

रव्याला खोड एकच: तो दाबून बसतो. मग आवाज बसल्यासारखा येई. जुनी माणसं बोलता बोलता रिसीव्हर तळहातावर आपटायची, ती उगाच नव्हे बरं का! पुढे इलेक्ट्रेट मायक्रोफोन आले आणि रवा गेला.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच, इंग्रजांनी सत्ता सोडावी, असा ठराव केला. ९ ऑगस्टला गांधीजींना मुंबईत अटक झाली व पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. लिनलिथगोंशी त्यांचा पुढचा सगळा वाद झाला तो पत्रांतून. आणि १० फेब्रुवारी १९४३ रोजी तिथेच गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं.