हीथ्रोची बस: विमान कंपन्यांची आणि कामगारांची

हीथ्रो विमानतळ 1946 मध्ये नागरी वाहतुकीला खुला झाला, तेव्हा उतारूंची व्यवस्था चक्क तंबूंत होती. मध्य लंडनपासून सुमारे 23 किलोमीटर पश्चिमेला, शेतमळ्यांच्या सपाट मुलखात ही जागा होती. रेल्वे तिथवर पोहोचत नव्हती आणि भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन विमानतळाच्या अलीकडे, हाउन्स्लो वेस्टलाच संपत असे. जून 1948 मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला आले. त्यातील उतारूंनाही पुढे शहर गाठायला रस्त्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

या रस्त्यावर दोन वेगळ्या प्रकारच्या बस धावल्या. पहिली विमान कंपनीची. विमानप्रवास शहरातच सुरू व्हावा, ही कल्पना महायुद्धाआधीची. इम्पीरियल एअरवेजने 1939 मध्ये व्हिक्टोरिया स्थानकाजवळ आपले टर्मिनल बांधले होते. ब्रिटिश युरोपियन एअरवेज म्हणजे बीईएने 1957 पासून क्रॉमवेल रोडवर तशीच सोय केली. उतारूने तिथे तिकीट दाखवायचे, सामान ताब्यात द्यायचे आणि कंपनीच्या गाडीत बसायचे. सामानाची काळजी तिथेच संपत असे.

सामानाच्या प्रश्नानेच या गाड्यांचा आकार ठरवला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्या दीड मजली होत्या. मागची आसने उंचावर आणि त्यांच्याखाली सामानाचा कप्पा. 1966-67 मध्ये बीईएने 65 रूटमास्टर डबलडेकर घेतल्या आणि वेगळाच तोडगा काढला. सगळे उतारू बसमध्ये आणि सगळे सामान बसमागे जोडलेल्या दुचाकी ट्रेलरमध्ये. नेहमीच्या रूटमास्टरला मागे उघडा चढउताराचा कट्टा असे. इथे मात्र दार पुढे होते, कारण मागची बाजू ट्रेलरला हवी होती. 1965 मध्ये चिझिकपासून पश्चिमेकडे एम-4 महामार्ग खुला झाला होता आणि शहरी रस्त्यांसाठी जन्मलेली ही बस मागे ट्रेलर ओढत त्याच्यावरून धावू लागली. गाड्या कंपनीच्या, चालवणारे लंडन ट्रान्सपोर्टचे. सार्वजनिक बससेवेचे कसब विमान कंपनीच्या गरजेला इतके चपखल बसल्याचे उदाहरण विरळाच.

1970 च्या दशकात ही पद्धत ओसरली. शहरातील चेक-इन बंद झाले. पिकॅडिली लाइन 1975 मध्ये हॅटन क्रॉसपर्यंत आणि डिसेंबर 1977 मध्ये थेट विमानतळाच्या पोटात आली. बीईए तोवर ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली होती आणि 1979 मध्ये क्रॉमवेल रोडची सेवा थांबली. बहुतेक गाड्या लंडन ट्रान्सपोर्टने घेतल्या. त्यांतील काही रॉमफर्डच्या बाजूला साध्या प्रवासी मार्गावरही धावल्या.

दुसरी बस मात्र टिकली, आणि तिचे महत्त्व पहिलीपेक्षा जास्त मानायला हवे. ती लंडनची नेहमीची लाल बस. हीथ्रोची मुख्य टर्मिनल्स धावपट्ट्यांच्या मधोमध बांधली गेली आणि तिथे जायचा रस्ता उत्तरेकडच्या धावपट्टीखालच्या बोगद्यातून काढला गेला. त्यामुळे सफाई, सामान चढवणे, जेवण बनवणे, दुरुस्ती अशा कामांवर येणाऱ्या हजारो माणसांना पायी किंवा सायकलने पोहोचणे जिकिरीचे झाले. साउथॉल, हेज, फेल्टम आणि हाउन्स्लो ही त्यांची वस्ती. 1950 आणि 60 च्या दशकांत भारतीय उपखंडातून आलेल्या अनेक कुटुंबांनी, विशेषतः पंजाबी कुटुंबांनी, याच परिसरात घर केले आणि विमानतळावर नोकरी धरली. ग्रीनफर्ड व साउथॉलहून येणारी 105, किंग्स्टनहून येणाऱ्या 111 आणि 285, हॅरोच्या बाजूची 140 हे मार्ग त्यांच्या पाळ्यांवर उभे राहिले. पहाटेची पहिली विमाने सुटण्याआधी कामगार जागेवर हवेत, म्हणून यांतील काही बस रात्रभर धावू लागल्या. विमानतळाच्या हद्दीत अनेक वर्षे स्थानिक बसला भाडेच नव्हते. त्याचा लाभ उतारूंनाही मिळे.

शहराच्या मध्यभागी जाणारा उतारू या बसकडे क्वचितच वळला. त्याच्यासाठी 1980 च्या दशकात सामानाच्या फडताळांसह ‘एअरबस’ डबलडेकर आल्या. पुढे 1998 मध्ये हीथ्रो एक्स्प्रेस आणि 2022 मध्ये एलिझाबेथ लाइन आली. पण रेल्वे आणि बस यांच्या दरांतील अंतर वाढत गेले. सप्टेंबर 2022 पासून हीथ्रो ते मध्य लंडन भुयारी प्रवासाला दिवसभर गर्दीच्या वेळेचाच दर लागू झाला. मार्च 2023 मध्ये बसचे सरसकट भाडे 1.75 पौंड ठरले आणि 2018 पासून तासाभरात हव्या तितक्या बस बदलण्याची मुभा आहेच. रात्री भुयारी रेल्वे थांबली की ट्रॅफल्गार चौकाच्या दिशेने एन-9 ही रात्रबस निघते.

2023 मध्ये जलद बससेवांना ‘सुपरलूप’ हे नाव मिळाले. हॅरोची एक्स-140 एसएल-9 झाली आणि वेस्ट क्रॉयडनची एक्स-26 एसएल-7. सुमारे 38 किलोमीटरचा हा दुसरा मार्ग लंडनमधल्या सर्वांत लांब बसमार्गांपैकी आहे. तो मध्य लंडनला स्पर्शही करत नाही, तर किंग्स्टन आणि सटनसारखी दक्षिणेकडची उपनगरे थेट विमानतळाला जोडतो.