दुखणं थांबलं, पण झीज थांबली का?

बचत गटाच्या बैठकीत आम्ही नोंदवही पुढे करतो, तेव्हा एखादी ताई हळूच म्हणते, "आज सही नको, अंगठा घ्या. बोटं वळत नाहीत." सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली, दोन्ही मनगटं सुजलेली. घरचे म्हणतात, कामानं दुखतंय. पण तो आमवात असू शकतो. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो.

या आजारात शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी अशा एका बाईला कॉर्टिझोन दिलं. जिला हलताही येत नव्हतं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच यांना नोबेल मिळालं. पण हे औषध जास्त दिवस घेतलं की हाडं ठिसूळ होतात, हेही पुढं कळलं.

नंतर लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी शोध घेतला. आमवातात सुजेची आग पेटवणारा शरीरातला एक पदार्थ त्यांनी ओळखला: टीएनएफ. त्याला अडवणारं औषध जिवंत पेशींपासून तयार होतं, म्हणून ते 'बायोलॉजिक'. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्याची पहिली इंजेक्शनं दिली. सूज उतरली.

पण आतला सांधा वाचला का? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. आमवातात एमएमपी नावाची पाचक द्रव्यं ती कुरतडतात. १९९७ साली याच गटानं दाखवलं, की उपचारानंतर रक्तातली एमएमपी-१ आणि एमएमपी-३ कमी होतात. ही झाली खूण. पुरावा २००० साली आला. ४२८ रुग्णांचे एक्स-रे वर्षभर तपासले. नुसत्या मेथोट्रेक्सेटवर झीज वाढत होती. बायोलॉजिकची जोड मिळाली तिथं ती बहुतेक थांबली. दुखण्यात फार आराम न पडलेल्यांचीही झीज रोखली गेली. म्हणजे दुखणं आणि झीज एकच नव्हे.

या औषधानं शरीरात दबलेला क्षयरोग उठू शकतो, हे २००१ साली समोर आलं. म्हणून आधी टीबीची तपासणी करतात. प्रत्येकीला हे महाग इंजेक्शन लागतही नाही. सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळीनं होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. गरोदरपणात तर मुळीच नाही.

मैत्रिणींनो, गेलेली कूर्चा परत येत नाही. वेदनेची गोळी घेऊन दिवस ढकलू नका. सूज सहा आठवडे टिकली तर डॉक्टरांना विचारा, "माझे सांधे झिजतायत का?" पुढच्या बैठकीत कुणी अंगठा पुढं केला, तर आपणही तिला विचारू या, "ताई, तपासून आलीस का?"