एका गल्लीच्या दोन याद्या : मध्यप्रांत-वऱ्हाडची १९३७ ची निवडणूक



राखीव जागा आणि विभक्त मतदारसंघ या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात नेहमी एक होऊन जातात. दवाखान्याच्या बाकावर बसलेली मंडळी राजकारणावर आली की ही गल्लत कानावर पडतेच. राखीव जागेत उमेदवार कोणत्या समाजाचा असावा हे ठरलेले असते, पण मत सगळे देतात. विभक्त मतदारसंघात मतदारांची यादीच वेगळी असते. मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यायचे, युरोपियनाने युरोपियनालाच. हा दुसरा प्रकार आपल्या भागाने प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि ज्यांनी पाहिला ती पिढी आता जवळजवळ संपली. म्हणून आज हा विषय घेतला.

१९३७ साली बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यातली एक तहसील होती. जिल्ह्याचे ठाणे खंडवा, प्रांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. १९३५ च्या कायद्याने या प्रांताला ११२ जागांची विधानसभा दिली. तिची वाटणी पाहण्यासारखी आहे. ८४ जागा 'सर्वसाधारण', त्यांपैकी २० दलितांसाठी राखीव. मुसलमानांना १४. युरोपियनांना एक आणि अँग्लो-इंडियनांना एक. जमीनदारांना ३, व्यापार-उद्योगाला २, कामगारांना २, विद्यापीठाला १, स्त्रियांना ३. आणि मागास भाग व आदिम जमातींसाठी एक. प्रांतातल्या मूठभर गोऱ्यांना एक आणि लाखो गोंड-कोरकूंनाही एकच! बाकीचे आदिवासी, ज्यांना मत होते तेवढे, सर्वसाधारण यादीत गेले. आम्ही जैनही त्याच यादीत. मत तरी कितीजणांना? शेतसारा, घराचे भाडेमूल्य, शिक्षण असल्या कसोट्या होत्या. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या सुमारे १४ टक्के लोक मतदार होते. पुष्कळ बायकांना मत मिळाले ते नवऱ्याच्या मालमत्तेवर.

आता बुऱ्हाणपूर डोळ्यांपुढे आणा. इतवारा, लोहारमंडी, शनवारा. मोमिन विणकर, बोहरा व्यापारी, गुजराती पेढीवाले, आपली मराठी घरे, सगळ्यांच्या भिंतीला भिंत. विणकराला सूत देणारा आणि त्याचे कापड घेणारा बहुधा हिंदू किंवा जैन. नळाचे, नालीचे, सुताच्या भावाचे दुखणे सगळ्यांचे एकच. पण मतदानाच्या दिवशी एका गल्लीच्या दोन याद्या. बोहरा व्यापारी आणि हातमागावरचा मोमिन, ज्यांचा एकमेकांशी रोटीव्यवहारही बेताचाच, ते एका यादीत, आणि मोमिन व त्याचा सावकार मात्र दोन याद्यांत.

याचा परिणाम काय झाला? कोण निवडून आले यापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराला मोमिनाच्या ओट्यावर जाण्याचे कारण उरले नाही, आणि मुसलमान जागेच्या उमेदवाराला आपल्या ओट्यावर येण्याचे. मत मागायला येणारा माणूस निदान दोन शब्द ऐकून तरी घेतो. तेवढेही बंद झाले. सगळ्या प्रांतांत मिळून मुसलमानांच्या ४८२ जागा होत्या. काँग्रेसने त्यांपैकी ५८ लढवल्या आणि २६ जिंकल्या. म्हणजे ४२४ जागांवर देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने उमेदवारच उभा केला नाही. आपल्या प्रांतात काँग्रेसला ७० च्या आसपास जागा मिळाल्या, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, गावोगाव आनंद झाला. पण तो आनंद एकाच यादीचा होता.

दोष सगळा इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. १ ऑक्टोबर १९०६ ला आगाखानांचे शिष्टमंडळ सिमल्याला मिंटोसाहेबांना भेटले आणि १९०९ च्या कायद्यात विभक्त मतदारसंघ आले, हे खरे. पण १९१६ च्या लखनौ करारावर काँग्रेसनेच मान डोलावली, आणि त्यामागे लोकमान्य टिळकांचे वजन होते. त्या करारात मध्यप्रांताच्या मुसलमानांना १५ टक्के जागा ठरल्या. त्यांची वस्ती होती चार टक्क्यांच्या घरात. टिळकांचा हिशेब इंग्रजांविरुद्ध एकजूट करण्याचा होता, तो समजण्यासारखा आहे. मुसलमानांची भीतीही खोटी नव्हती. चार टक्क्यांच्या समाजाला, तोही बराचसा कारागीर, मालमत्तेवर मत देणाऱ्या यादीतून कोण निवडून देणार? रोग खरा होता. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर औषध असे दिले की वरचे लक्षण दबले आणि दुखणे आत गेले.

गंमत अशी की परदेशातले आपले लोक याच औषधाला कडाडून नकार देत होते. केनियात हिंदी लोक गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. १९२३ च्या श्वेतपत्रिकेने गोऱ्यांना ११ निवडलेल्या जागा आणि हिंदी लोकांना ५ दिल्या, त्याही वेगळ्या यादीवर. तिथल्या हिंदी लोकांची मागणी होती एकाच यादीची, म्हणून त्यांनी बहिष्कार घातला. फिजीत १९२९ मध्ये प्रथमच तीन हिंदी सभासद निवडून आले : विष्णु देव, परमानंद सिंग आणि जेम्स रामचंदर राव. त्यांनी एकाच यादीचा ठराव मांडला, तो पडला, आणि तिघेही राजीनामा देऊन बाहेर पडले. ऊस तोडायला करारावर गेलेल्या मजुरांच्या प्रतिनिधींना जे दिसले ते आपल्या बॅरिस्टरांना घरी का दिसले नाही, हा प्रश्न मला सुटलेला नाही. कदाचित तिथे दुसऱ्या यादीत गोरा माणूस होता म्हणून ती भिंत स्पष्ट दिसली. इथे शेजारी होता.

दलितांच्या बाबतीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९३२ च्या जातीय निवाड्याने त्यांनाही विभक्त मतदारसंघ दिला होता. गांधीजींचे येरवड्यातले उपोषण आणि पुणे करार आपण जाणतो. विभक्त यादी गेली, जागा वाढल्या, मध्यप्रांतात १० च्या २० झाल्या. तडजोड म्हणून एक प्राथमिक फेरी ठेवली. आधी दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतून सर्व हिंदू मतदारांनी एक. बाबासाहेबांना ही तडजोड पुढे फार खटकली. अंतिम मत बहुसंख्याकांच्या हाती, ही त्यांची तक्रार आजही वजनदार आहे. पण १९३७ ला मुंबईत ते स्वतः राखीव जागेवर उभे राहिले तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभे केले? पळवणकर बाळूंना, हिंदू संघाच्या त्या थोर गोलंदाजाला. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. दोन्ही उमेदवारांना आपल्या वस्तीबाहेर जाऊन मते मागावी लागली. (बाळू ज्या सामन्यांत नावाजले तेही हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ पाडूनच खेळले जात. आणि जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.)

आपल्या अगदी उंबऱ्यावरची एक गोष्ट राहिली. खकनारवरून देडतलाईमार्गे धारणीकडे निघालो की मेळघाट लागतो. १९३५ च्या कायद्याखाली मेळघाट तालुका 'अंशतः वगळलेला' ठरला. विधानसभेने केलेला कायदा गव्हर्नरने सांगितल्याशिवाय तिथे लागू होत नसे. आपला भाग त्या यादीत नव्हता. म्हणजे अलीकडच्या कोरकूला नागपूरचा कायदा लागू, पलीकडच्या त्याच्या सोयऱ्याला गव्हर्नरच्या मर्जीने. मुलगी दिली की कायदा बदलला! ज्या रेषेची कोरकूंना जाणीवही नव्हती ती कोणी तरी नकाशावर बसून ओढली होती.

१९४६ ला पुन्हा याच याद्यांवर मतदान झाले, आणि त्या विधानसभांनीच घटना समितीचे सभासद निवडले. तेही सर्वसाधारण, मुसलमान, शीख असे गट पाडून. त्याच समितीने १९४७ च्या ऑगस्टमध्ये विभक्त मतदारसंघ मोडीत काढले. १९५१-५२ ला पहिल्यांदा गल्लीची एकच यादी झाली. नाव लावताना 'अमक्याची बायको' एवढेच सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रिया त्या यादीबाहेर राहिल्या, ती कथा निराळी.

आज खकनार नेपानगर मतदारसंघात येतो. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. उमेदवार कोरकू, भिल्ल किंवा बारेला असतो, आणि तो मत मागायला पाटलाच्या वाड्यावर येतो, मोमिनाच्या मागाजवळ येतो, आमच्या दुकानांवरही येतो.