रविवारची सुटी आणि गृहिणीचा वाटा

रविवार म्हटला की विश्रांती, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु ही सुटी काही सूर्यचंद्राप्रमाणे आपोआप उगवलेली नाही. ती आपल्याच मुंबई शहरात, साध्या गिरणी-कामगारांनी सहा वर्षे झगडून मिळवली आहे. तिचा इतिहास प्रत्येक भगिनीने जाणून घ्यावा असा आहे. कारण त्या लढ्यात स्त्रियांचाही आवाज होता. सुटी मात्र त्यांच्या पदरात अजून पुरती पडलेली नाही.

पूर्वी आपल्याकडे दर सात दिवसांनी सुटी घेण्याची पद्धत नव्हती. पण विश्रांतीला जागा होती. कित्येक गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवीत नसत. अमावास्येला गवंडी-सुतार हत्यार हाती धरीत नसत. बाजाराच्या दिवशी शेतीचे काम सैल पडे, आणि पोळ्याला तर बैलांनाही पुरणपोळी मिळे. चुलीला तेवढी अमावास्या नसे!

१८५४ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि हे सारे चित्र पालटले. यंत्राला सोमवार नाही की अमावास्या नाही. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. एखाद्या दिवशी गिरणी बंद असली, तरी यंत्रे पुसण्यासाठी अर्धा दिवस हजर राहावे लागे. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या, मोठ्या माणसांना मात्र काहीच दिले नाही.

या लोकांची बाजू घेऊन नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा जोतीराव फुले यांचे ते सहकारी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे तेथील हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ पत्र मुंबईहून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, एवढेच मागणे होते. रविवारच का, तर रविवार हा खंडोबाचा वार, असे लोखंडे सांगत, अशी आठवण सांगितली जाते. साहेबाचा गिरजाघराचा दिवस आणि जेजुरीच्या मल्हारीचा दिवस असे एकत्र आले!

अर्ज झाला, पण सुटी मिळाली नाही. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही उठून बोलल्या. भगिनींनो, तो काळ कोणता हे ध्यानात घ्या. घरंदाज म्हणविणाऱ्या बायका उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयास भीत, तेव्हा या कष्टकरी बायांनी हजारो पुरुषांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले आणि स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणून ठेवले. लोखंडे यांना हे यश फार दिवस पाहता आले नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला.

सुटी मिळाली ती गिरणीतून. घरातून मिळाली काय? वाइंडिंग खात्यात आठवडाभर उभे राहणारी बाई रविवारी चाळीत परतली, की धुण्याचा ढीग, दळण, नळावरची रांग आणि आलेगेले तिची वाटच पाहत. विसाव्या शतकाच्या आरंभी तान्ह्या पोराला अफूची बाळागोळी चाटवून कामावर जाण्याची पाळी कित्येकींवर येई. अशा बाईचा रविवार कोणत्या विसाव्यात जाणार?

आज घरोघरी मिक्सर आहे, धुण्याचे यंत्र आहे. तरीही २०२४ च्या सरकारी पाहणीत असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. रविवारी घरचे सगळे घरी असतात आणि काहीतरी खास हवे असते. त्यामुळे गृहिणी सोमवारी उठते ती दमलेलीच.

यावर उपाय काही मोठा नाही. थोडी आखणी हवी. दळण, निवडटिपण आणि भाजी आणणे ही कामे शनिवारीच आटोपावी. रविवारी एकवेळचेच साग्रसंगीत जेवण करावे. रात्री खिचडी पुरे, आणि ती मुलांनी वा त्यांच्या वडिलांनी करावी. आपापले कपडे ज्याने त्याने घडी घालून ठेवावे. दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. त्या वेळात वाचावे, मैत्रिणीकडे जावे, नाहीतर स्वस्थ निजावे. दिवेलागणीला मुलांची दप्तरे, गणवेश आणि सकाळच्या डब्याची तयारी मुलांकडूनच करवून घ्यावी आणि लवकर अंथरुणावर पाठ टेकावी. मग सोमवार डोंगरासारखा वाटणार नाही.

घरची माणसे कुरकुरली, तर त्यांना १८९० ची गोष्ट सांगावी. आधी कुरकुर तर गिरणीमालकांनीही केली होती. गिरणीतल्या बायांनी मैदानात उभे राहून जे मागितले, ते आपण आपल्या घरात शांतपणे आणि हसतमुखाने मागावे; त्यात संकोच कसला?