काँडो-हॉटेल

काँडो-हॉटेल म्हणजे ज्यातील खोल्या किंवा सदनिका निरनिराळ्या मालकांना विकलेल्या असतात, परंतु ज्याचा कारभार हॉटेलाप्रमाणे एकच व्यवस्थापन कंपनी पाहते, असे विश्रामस्थळ होय. अमेरिकेतील फ्लोरिडा, हवाई व लास व्हेगास आणि कॅनडातील व्हिसलर येथे हा प्रकार रूढ आहे. मालक वर्षातील काही दिवस स्वतः राहतो. एरवी खोली पर्यटकांना दिली जाते व भाडे मालक आणि कंपनी यांच्यात विभागले जाते. टाइमशेअरमध्ये सामान्यतः ठरावीक काळाच्या वापराचा हक्क मिळतो; येथे संपूर्ण सदनिकेची मालकी मिळते आणि तिचा सर्व खर्चही मालकाकडे येतो.

कर्ज

अमेरिकेत गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्था काँडो-हॉटेलमधील सदनिकांवरील कर्जे स्वीकारत नाहीत. त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेला ते स्वतःच्याच खात्यावर ठेवावे लागते. परिणामी व्याजदर चढा असतो, स्वतः भरावयाची रक्कम मोठी असते आणि पुढे सदनिका विकताना ग्राहकही कमी मिळतात. ही शेवटची बाब खरेदीच्या वेळी सहसा दुर्लक्षिली जाते.

खर्चाचा हिशेब

समजा, सदनिकेची किंमत ३,००,००० डॉलर आहे. खरेदीदाराने ९०,००० डॉलर स्वतः भरले व उरलेल्या २,१०,००० डॉलरचे कर्ज ८ टक्के दराने ३० वर्षांसाठी घेतले, तर हप्त्यांची वार्षिक रक्कम सुमारे १८,५०० डॉलर होते. खोली २०० डॉलर दराने १५० रात्री भरल्यास ३०,००० डॉलर भाडे जमते. त्यातील निम्मे व्यवस्थापनाकडे गेले, तर मालकाच्या हाती १५,००० डॉलर येतात. देखभाल शुल्क, मालमत्ता कर व विमा यांवर १२,००० डॉलर गेल्यास ३,००० डॉलर उरतात, म्हणजे हप्ते भरताना वर्षाला सुमारे १५,५०० डॉलरची तूट येते. कर्ज न काढताही परतावा किमतीच्या एक टक्काच पडतो. 

याशिवाय इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी मालकांवर विशेष वर्गणी बसू शकते. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी एक निवासी इमारत कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०२२ मध्ये त्या राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडो इमारतींना संरचनात्मक दुरुस्तीसाठी राखीव निधीचा अभ्यास बंधनकारक केला. त्यामुळे अनेक ठिकाणी मासिक शुल्क वाढले.

कायदा व कर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये हॉवी खटल्यात फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांचे तुकडे सेवा करारासह विकणे हा गुंतवणूक करार ठरवला. त्याच तत्त्वावर तेथील रोखे आयोगाने १९७३ मध्ये स्पष्ट केले की, भाड्याच्या उत्पन्नाचे आमिष पुढे करून किंवा सामायिक भाडे-निधीत सहभागाच्या अटीवर सदनिका विकल्यास तिला रोखेविषयक कायदे लागू होऊ शकतात. म्हणूनच विक्री प्रतिनिधी उत्पन्नाविषयी लेखी काही देण्याचे टाळतात.

मालकाचा स्वतःचा वापर १४ दिवस किंवा भाड्याने दिलेल्या दिवसांच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक असेल त्यापेक्षा जास्त झाला, तर अमेरिकी प्राप्तिकरात खर्चाच्या वजावटीवर मर्यादा येते. व्हिसलरमधील ‘फेज २’ सदनिकांत मालकाला वर्षाला ५६ दिवसच राहता येते: हिवाळ्यात २८ व उन्हाळ्यात २८.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशात अशी सदनिका घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची प्रति आर्थिक वर्ष २,५०,००० डॉलरची मर्यादा लागू होते.