शेवटचा अंक आणि वर्गणीदार

नियतकालिक बंद पडते म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील जुन्या घरांत पोस्टमन जे वेष्टनात गुंडाळलेले मासिक टाकून जाई, ते नुसते वाचनाचे साधन नव्हते. आपली भाषा अजून आपल्या पत्त्यावर येते, याची ती महिन्याची पोचपावती होती. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ थांबले, तेव्हा अनेकांच्या कपाटातील बांधीव खंडांची रांग एकाएकी पुरी झाली. तिच्यात पुढे भर पडणार नव्हती. त्या वेळची हळहळ आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल.

आज जी हकीकत सांगावयाची आहे, ती मात्र मराठीतील नाही, साहित्यातीलही नाही. ती अमेरिकेतील एका खेळाच्या दोन मासिकांची आहे. २००७ मध्ये ती मासिके बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यांचे वाचक संतापले. खेळाच्या मासिकासाठी प्रौढ माणसांनी एवढे व्यथित का व्हावे, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो. इतिहास पाहू लागलो की त्याचे उत्तर हळूहळू उलगडते, आणि ते आपल्याही कामाचे निघते.

१९७३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावी गॅरी गायगॅक्स आणि डॉन के या दोघा मित्रांनी टी. एस. आर. नावाची कंपनी काढली. पुढल्याच वर्षी, १९७४ मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तिने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या १,०००. हा खेळ आपल्या सोंगट्यांसारखा किंवा बुद्धिबळासारखा नाही. यात ठरलेला पट नसतो आणि शेवटी कोणी जिंकत वा हरत नाही. चारसहा मंडळी एकत्र बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशा भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करू ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निवाडा फासे करतात. अशी एक कथा महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालते.

या रचनेतच मासिकाची गरज दडलेली होती. बुद्धिबळाचे नियम एकदा शिकले की जन्मभर पुरतात. या खेळाच्या सूत्रधाराला मात्र दर आठवड्याला नवा प्रसंग, नवे स्थळ, नवा राक्षस लागतो. नियमांतील अडचणी कोणाला विचारायच्या, हाही प्रश्न होताच. म्हणून १९७५ मध्ये कंपनीने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ हे लहानसे पत्रक सुरू केले. त्याचे सात अंक निघाले, आणि जून १९७६ मध्ये टिम कॅस्क यांच्या संपादनाखाली ‘द ड्रॅगन’चा पहिला अंक आला. पुढे १९८६ मध्ये त्याला ‘डंजन’ हे भावंड मिळाले. ‘ड्रॅगन’मध्ये लेख, नियमचर्चा, कथा, व्यंगचित्रमाला आणि वाचकांची पत्रे असत, ‘डंजन’मध्ये सूत्रधाराने तशाच उचलून खेळायला घ्याव्यात अशा तयार मोहिमा असत.

कंपनीने आपल्या मालाच्या प्रचारासाठी काढलेले पत्रक वाचकांचे लाडके मासिक व्हावे, ही गोष्ट मराठी माणसाला ओळखीची वाटेल. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांनी तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक केले, आणि नांगराशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा घरांत ते वाचले जाऊ लागले. मालकी कारखान्याची, पण मासिक कोणाचे, असे विचारले असते तर वाचकाने निःशंकपणे ‘आमचे’ असेच म्हटले असते.

‘ड्रॅगन’च्या बाबतीत हे ‘आमचे’ केवळ भावनेपुरते नव्हते. मासिकाचा मोठा भाग वाचकांनीच लिहिलेला असे. एड ग्रीनवुड यांचे उदाहरण बोलके आहे. कॅनडातील ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी लहानपणापासून एक काल्पनिक जग मनात रचले होते. १९७९ पासून ते ‘ड्रॅगन’मध्ये लिहू लागले आणि त्या लेखांतून हे जग वाचकांना थोडे थोडे दिसू लागले. पुढे कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि १९८७ मध्ये ते ‘फरगॉटन रेल्म्स’ या नावाने प्रसिद्ध केले. खेळाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध जगांपैकी एक अशा रीतीने मासिकाच्या पानांतून वर आले. आजचा वाचक उद्याचा लेखक आणि परवाचा ग्रंथकार होण्याची ही पायरी होती. मासिक बंद करणे म्हणजे ही पायरीच काढून घेणे होते.

मध्यंतरी मालकी बदलत गेली. टी. एस. आर. कर्जात बुडाली, छपाईचे पैसे थकल्याने १९९७ च्या पूर्वार्धात काही महिने मासिकेही निघू शकली नाहीत. त्याच वर्षी सिएटलजवळच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तिला विकत घेऊन खेळ वाचवला. १९९९ मध्ये या कंपनीलाही हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या उद्योगाने विकत घेतले. २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्याबरोबर एक खुला परवाना देण्यात आला. त्यान्वये ठरावीक अटी पाळून इतर कोणालाही खेळाचे मूळ नियम वापरून आपली पुस्तके काढता येणार होती. पुढील घटनाक्रमाची किल्ली या परवान्यात आहे. २००२ मध्ये लिसा स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पायझो’ ही लहान प्रकाशनसंस्था काढली आणि दोन्ही मासिके चालवण्याचे काम तिच्याकडे आले. मासिकांची नावे मात्र मूळ कंपनीच्याच मालकीची राहिली.

पायझोच्या काळात मासिकांना नवी उभारी आली. ‘डंजन’मध्ये क्रमशः चालणाऱ्या दीर्घ मोहिमा लोकप्रिय झाल्या. एक मोहीम वर्षभर पुरे, आणि पुढचा भाग कधी येतो याची खेळाडू वाट पाहत. अशातच १९ एप्रिल २००७ रोजी जाहीर करण्यात आले की परवान्याचे नूतनीकरण होणार नाही आणि सप्टेंबरचे अंक अखेरचे असतील. ‘ड्रॅगन’चा तो ३५९ वा अंक, ‘डंजन’चा १५० वा. लोक आता अशी माहिती संगणकाच्या जाळ्यावर शोधतात, तेव्हा यापुढचा मजकूर तेथेच दिला जाईल, अशी कंपनीची भूमिका होती.

वाचकांचा रोष कंपनीवर कोसळला. कित्येकांनी पहिल्या अंकापासूनचे संच जपले होते. काहींनी यापुढे या कंपनीचे काहीही विकत घेणार नाही असे जाहीर केले. काहींच्या पत्रांत राग कमी आणि शोक अधिक होता. लहानपणी टपालपेटीशी उभे राहून अंकाची वाट पाहिल्याच्या आठवणी त्यांत होत्या. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या खेळमेळ्यात कंपनीने खेळाच्या चौथ्या आवृत्तीची घोषणा केली. मासिके आधी का थांबवली याचा उलगडा आता आपल्याला झाला, असे अनेकांना वाटले, आणि राग दुप्पट झाला.

निःपक्षपाती राहायचे तर कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. छापील मासिकांचे दिवस जगभरच कठीण झाले होते. कागद, छपाई, टपाल यांचा खर्च वाढत होता. मासिकांची नावे तिच्या मालकीची होती, आणि मालकाने आपल्या वस्तूचे काय करावे हे ठरवण्याचा त्याला कायद्याने अधिकार होता. एवढे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. वर्गणीदाराने दिलेले पैसे परत करता येतात. त्याने घातलेली वर्षे परत करता येत नाहीत. आणि ज्यांनी मासिक वाचूनच नव्हे तर लिहूनही चालवले होते, त्यांना निर्णय झाल्यावर कळवण्यात आले, आधी विचारण्यात आले नाही. दुखावले गेले ते येथे.

या रोषाने मासिके परत आली का? नाही. पण तो वायाही गेला नाही. पायझोच्या मंडळींनी ऑगस्ट २००७ मध्येच ‘पाथफाइंडर’ नावाची मोहिमांची मासिक ग्रंथमाला सुरू केली आणि जुन्या वर्गणीदारांना उरलेली वर्गणी तिकडे वळवण्याची मुभा दिली. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली. ती पुष्कळांना रुचली नाही. पायझोने २००० च्या खुल्या परवान्याच्या आधारे जुने नियम सुधारून घेतले, मसुदा खेळाडूंसमोर ठेवून त्यांच्या सूचना मागवल्या आणि ऑगस्ट २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळच प्रसिद्ध केला. २०११ च्या सुमारास दुकानदारांच्या पाहण्यांत तो मूळ खेळाच्याही पुढे गेलेला दिसला. नाव मालकाकडे राहिले, माणसे संपादकांबरोबर गेली.

आपल्याकडेही असे घडलेले आहे. ‘स्त्री’ मासिकाचे संपादन केलेल्या विद्या बाळ तेथून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. नियतकालिकाचे नाव कोणाच्या तरी दप्तरी नोंदलेले असते. त्याचा प्राण मात्र लिहिणारे, निवडणारे आणि वाचणारे यांच्या परस्परविश्वासात असतो. तो प्राण नव्या नावाखालीही नांदू शकतो.

संगणकावर नेलेल्या मासिकांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ पडद्यावर डिसेंबर २०१३ पर्यंत निघत राहिली आणि मग तीही थांबली. २०१५ मध्ये ‘ड्रॅगन प्लस’ हा नवा अवतार आला. तो २०२२ मध्ये संपला. १९७६ चा कागदी अंक मात्र ज्याच्या कपाटात आहे, त्याला तो आजही उघडता येतो.

जानेवारी २०२३ मध्ये इतिहासाने एक वळण घेतले. २००० चा तो खुला परवाना रद्द करून कडक अटींचा नवा परवाना आणण्याचा कंपनीचा बेत बाहेर फुटला. या वेळी वाचक आणि खेळाडू नुसते हळहळले नाहीत. त्यांनी भराभर वर्गण्या रद्द केल्या. कंपनीने मते मागवली तेव्हा १५,००० हून अधिक लोकांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतील बहुसंख्य विरोधात होती. महिना संपण्यापूर्वी कंपनीने माघार घेतली आणि खेळाचे मूळ नियम सर्वांना कायम वापरता येतील अशा मुक्त परवान्याखाली दिले. २००७ मध्ये राग होता, पण तो निर्णयानंतरचा होता. २०२३ मध्ये तो निर्णय पक्का होण्याआधी आणि एकमुखाने व्यक्त झाला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्या संस्थांची त्रैमासिके, वार्षिके, स्मरणिका कोणत्याही उद्योगाच्या मालकीची नाहीत. ती बंद पडतात तेव्हा कोणी घोषणा करत नाही. वर्गणी भरायची राहून जाते, लेख पाठवायचा राहून जातो, एखादा अंक जोडअंक म्हणून निघतो आणि पुढचा निघतच नाही. तेथे रागावयाला समोर कोणी नसते, कारण मालक आपणच असतो. शेवटच्या अंकावर शोक करणारे वाचक अमेरिकेतही पुष्कळ होते. पण मासिक चालू असताना जे त्यात लिहीत, ते विकत घेत आणि त्याच्या चुका पत्राने कळवीत, त्यांच्याच बळावर पुढे नवे काही उभे राहिले. आपल्या कपाटातील खंडांची रांग कोठे थांबावी, हे ठरवणे अजून तरी आपल्या हाती आहे.